पात्याच्या पोटात

इंचभर जाडीचा दोर वरून मोकळा लोंबत सोडलेला असतो. त्याचं खालचं टोक कुठंही बांधलेलं नसतं. परीक्षार्थीनं स्वतः घडवलेली सुरी उचलायची आणि एकाच फटक्यात तो दोर तोडायचा. ते जमलं की बांधकामात वापरतात तसली दोन इंच बाय चार इंचांची लाकडी पट्टी पुढ्यात येते. ती दोनदा तोडायची. धारेला कुठंही खाच पडता कामा नये. मग त्याच धारेनं, पुन्हा न परजता, हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पात्याचं टोक व्हाइसमध्ये आवळून सुरी काटकोनात वाकवायची. पात्याला थोडी भेग पडली तर चालते, मात्र तुकडे झाले तर परीक्षार्थी नापास. पास झाला तरी ती सुरी कामातून गेलेलीच असते.

ही अट ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ या संस्थेची. सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराला ‘जर्नीमन स्मिथ’ म्हणवून घ्यायचं असेल तर काही वर्षांच्या उमेदवारीनंतर त्याला या कसोटीतून जावं लागतं. त्यानंतर आणखी पाच सुऱ्या घेऊन तो परीक्षकांपुढं उभा राहतो. परीक्षक तिथं सांधे, रेषा आणि दोन्ही बाजूंचा समतोल तपासतात. पुढच्या ‘मास्टर स्मिथ’ या पायरीला मोडण्यासाठी आणायचं पातं किमान तीनशे थरांच्या पोलादाचं लागतं.

एवढी मेहनत करून घडवलेली वस्तू मोडून दाखवायचा हट्ट कशासाठी? कारण सुरीतली सर्वांत मोलाची गोष्ट बाहेरून दिसत नाही. न दुमडणाऱ्या सुरीत पातं आणि मुठीत शिरणारी शेपूट हा पोलादाचा एकच अखंड तुकडा असतो. त्यात बिजागरी नाही, स्प्रिंग नाही, हलणारा एकही भाग नाही. आकार कुणालाही नकलता येतो, चकाकी कुठल्याही पात्यावर आणता येते. पण पोलादाच्या पोटात काय घडलंय, ते कितपत तापलं, कसं थंड झालं, हे फोटोत उमटत नाही. यंत्रानं दिवसाला हजारो सुऱ्या निघण्याच्या काळात हातानं एकेक सुरी घडवणारे टिकले, त्यांच्याकडे नंबर लावून थांबणारे संग्राहकही टिकले. त्यामागं हे न दिसणारं काम आहे आणि ते करणाऱ्याच्या नावावरचा भरवसा आहे.

या छंदाचं आजचं सर्वांत मोठं केंद्र अमेरिका. तिथल्या सुरीवेडाची सुरुवात बरेचदा एका मारामारीपासून सांगतात. १९ सप्टेंबर १८२७ रोजी नॅचेझ शहराजवळ, मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर दोघांचं द्वंद्वयुद्ध ठरलं होतं. दोघांच्याही गोळ्या हुकल्या, हस्तांदोलन झालं आणि प्रकरण मिटलं. बिनसलं ते त्यांच्यासोबत आलेल्या माणसांत. त्या झटापटीत जिम बोवी हा इसम गोळ्या आणि तलवारीचे वार झेलूनही हातातल्या मोठ्या सुरीनं प्रतिस्पर्ध्याला ठार मारून जिवंत राहिला. वर्तमानपत्रांनी ही हकीकत उचलून धरली. १८३६ मध्ये टेक्ससमधल्या अलामोच्या लढाईत बोवी मारला गेला आणि ‘बोवी नाइफ’ घरोघरी पोचली. मागणी एवढी वाढली, की इंग्लंडातल्या शेफील्डचे कारखाने खास अमेरिकी बाजारासाठी बोवी सुऱ्या बनवून बोटी भरभरून धाडू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कारखान्यांनी बाजार एवढा व्यापला, की हातानं सुरी घडवणारे बोटांवर मोजण्याइतके उरले.

त्या उरलेल्यांपैकी एक मिशिगनचा विल्यम स्केगेल. चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून केलेली मूठ आणि तिच्या शेवटी सांबरशिंगाचा तुकडा, ही त्याची खूण. १९३७ मध्ये मिशिगनच्याच वॉलून सरोवराकाठी सुट्टीवर गेलेल्या एका माणसाला विचित्र दृश्य दिसलं. कुणीतरी बोटीवरचा जुना रंग सुरीनं खरवडत होतं आणि सुरीच्या धारेला काहीच होत नव्हतं. ती सुरी स्केगेलची होती आणि पाहणारा होता फ्लॉरिडात मोसंबीवर्गीय फळांच्या बागा असलेला बो रँडल. त्यानं ती सुरी विकत घेतली, घरी येऊन मोटारीच्या स्प्रिंगपासून तशीच एक स्वतः घडवून पाहिली. नादाचा धंदा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी त्याच्या सुऱ्यांना इतकी मागणी केली, की ऑरलँडोतल्या त्याच्या छोट्या कार्यशाळेचं नाव सैन्यभर झालं.

रँडलच्या सुरीची वेगळीच परीक्षा समुद्रानं घेतली. अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांसाठी, त्यांच्यातल्याच गॉर्डन कूपरच्या सल्ल्यानं, रँडलनं एक खास नमुना तयार केला होता. यान आडरानात उतरलं तर तगून राहण्यासाठी ती सुरी सोबत असे. जुलै १९६१ मध्ये त्यांच्यापैकी गस ग्रिसम अंतराळातून सुखरूप परतला, पण त्याचं ‘लिबर्टी बेल ७’ हे यान अटलांटिकमध्ये बुडालं. १९९९ मध्ये साडेचार किलोमीटरहून जास्त खोलीवरून ते वर काढलं, तेव्हा आत रँडलची सुरी सापडली. अडतीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही ती वापरता येण्याजोगी होती.

१९५३ मध्ये बॉब लव्हलेस नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या ‘ॲबरक्रॉम्बी अँड फिच’ या दुकानात रँडलचीच सुरी मागायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल, असं उत्तर मिळालं. तो थांबला नाही. भंगारातल्या पॅकार्ड मोटारीची स्प्रिंग मिळवून त्यानं स्वतःच सुरी केली आणि लवकरच तेच दुकान त्याच्या सुऱ्या विकू लागलं. पुढं कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये बसून लव्हलेसनं शिकारी सुरीचा आकारच बदलला. त्यानं पात्याची पाठ टोकाकडं हलक्या उतारानं खाली आणली. त्यामुळं जनावर सोलताना टोक आतड्यात घुसत नाही आणि टोकामागं भरपूर पोलाद राहतं. शेपूट मुठीत मागं मागं निमुळती होत जाते, म्हणून सुरी हातात तोललेली वाटते. आज जगभरात दिसणाऱ्या शिकारी सुऱ्यांपैकी असंख्य सुऱ्या याच नमुन्यावर बेतलेल्या आहेत. जेट इंजिनांच्या भागांसाठी बनवलेलं ‘१५४सीएम’ हे गंजरोधक पोलाद सुऱ्यांसाठी पहिल्यांदा रूढ केलं तेही त्यानंच, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला.

१९७० मध्ये बंदुकांच्या एका प्रदर्शनात अकरा कारागीर एकत्र आले आणि ‘नाइफमेकर्स गिल्ड’ जन्माला आली. यातले बहुतेक जण लव्हलेसच्या वाटेनं जाणारे होते. पोलादाची तयार पट्टी घ्यायची, तिच्यावर आकार आखायचा आणि नको तेवढं घासून काढून टाकायचं, ही त्यांची रीत. ऐरण आणि घण जवळजवळ अडगळीत गेले होते. ते बाहेर काढले मेरीलँडच्या बिल मोरननं. १९७३ मध्ये गिल्डच्या प्रदर्शनात त्यानं थरांच्या पोलादाच्या, पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेल्या सुऱ्या मांडल्या आणि सारं प्रदर्शन त्याच्या टेबलाभोवती गोळा झालं. तीन वर्षांनी त्यानं काही सोबत्यांसह ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापली. सुरुवातीला सांगितलेली परीक्षा तिचीच.

घडवणं आणि घासणं या दोन पंथांमध्ये अजूनही वाद रंगतात. घडवणारा लोहार पट्टी भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकतो, टोक काढतो, धारेकडची बाजू पातळ करतो. त्यात साहित्य वाया जात नाही आणि आकार मनासारखा वळवता येतो. घासणारा कारागीर दोन इंच रुंद, बहात्तर इंच लांब पट्ट्याच्या ग्राइंडरपुढं उभा राहतो. आधी खरखरीत पट्टा, मग बारीक, मग त्याहून बारीक. दोन्ही बाजूंचे उतार अगदी सारखे उतरावे लागतात. तिथं हात अर्धा मिलिमीटर हलला तरी चूक नजरेत भरते. दोघांचं काम या टप्प्यापर्यंत वेगळं असलं, तरी पुढं दोघांनाही एकाच दारातून जावं लागतं, ते म्हणजे पाणी पाजण्याचं.

गावाकडचा लोहार कोयत्याला, कुऱ्हाडीला पाणी देतो, ती हीच क्रिया. साध्या कार्बन पोलादाची पट्टी तापवत नेली की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला तिचं चुंबकत्व जातं. भट्टीशेजारी लोहचुंबक टांगून ठेवणारे कारागीर यावरूनच उष्णतेचा अंदाज घेतात. त्याच्या थोडं वर, साधारण ८०० ते ८२० अंशांना, पोलादातला कार्बन लोखंडात एकजीव विरघळतो. त्या क्षणी पातं कोमट तेलात बुडवायचं. थंड होणं इतकं झपाट्यानं घडतं, की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो लोखंडाच्या जाळीत अडकतो, जाळी ताणली जाते आणि पोलाद कमालीचं कठीण होतं. पाण्यात बुडवलं तर हे आणखी वेगानं होतं, पण पातं तडकण्याचा धोका वाढतो. तेलाच्या भांड्यातून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला, की अनेक तासांचं काम संपलं असं समजायचं.

तेलातून निघालेलं पातं कठीण असतं, मात्र काचेगत ठिसूळही. फरशीवर पडलं तरी फुटेल. म्हणून ते सुमारे दोनशे अंशांवर दोन-दोन तास, निदान दोनदा भाजतात. थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. कठीणपणाच्या रॉकवेल मोजपट्टीवर ६४-६५ वर असलेलं पातं ५८ ते ६० वर येतं. चांगल्या कामाच्या सुऱ्या बहुधा याच पट्ट्यात असतात. व्हाइसमध्ये काटकोनात वाकणारी सुरी हवी असेल, तर आणखी एक युक्ती लागते. धार कठीण राखायची आणि पाठ मऊ ठेवायची. त्यासाठी कुणी फक्त धारेचा भाग तेलात बुडवतो, कुणी पाठीवर मातीचा लेप देतो, तर कुणी नंतर गॅसच्या ज्योतीनं पाठ तेवढी तापवतो.

पोलाद जास्त तापलं तर आतले कण मोठे होतात आणि पातं कमकुवत होतं. वरून ते ओळखता येत नाही. म्हणून नवा कारागीर मुद्दाम एक पट्टी पाणी पाजून मोडतो आणि मोडलेला भाग उन्हात धरतो. राखाडी, मखमली दिसला तर उष्णता बरोबर होती. जाड साखरेसारखा चमकला तर भट्टी जास्त तापली होती.

मोरननं मांडलेल्या नक्षीदार पोलादाला आज सर्रास ‘दमास्कस’ म्हणतात. ते बनवायला दोन वेगळ्या जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचतात, टाकणखाराची पूड मारतात आणि पांढऱ्यापिवळ्या होईस्तोवर तापवून घणानं एकजीव करतात. सात थरांची चवड सहा वेळा तोडून एकावर एक चढवली की ४४८ थर होतात. यातल्या एका पोलादात निकेल असतं. पातं शेवटी आम्लात बुडवलं, की निकेलचे थर उजळ राहतात, बाकीचे काळे पडतात आणि नक्षी उमटते.

जुनं, मूळचं दमास्कस पोलाद मात्र याहून अगदी वेगळं होतं, आणि त्याचं मूळ दख्खनमध्ये आहे. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतींतला कार्बन एकत्र वितळवून पोलादाच्या ढेपा करत. त्या इराण-अरबस्तानाकडं जात आणि तिथं त्यांच्या तलवारी होत. १७९०च्या दशकात मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले. तिथं ‘वूट्झ’ या नावानं त्याच्यावर प्रयोग सुरू झाले. पुढं खुद्द मायकेल फॅरडेनं जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या कारागिराबरोबर या कोड्यावर काम केलं. तोडगा मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. आयोवातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि फ्लॉरिडात घोड्यांना नाल ठोकणारा, सुऱ्या घडवणारा आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून तशीच पाती पुन्हा तयार केली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की धातुकात अत्यल्प प्रमाणात असलेल्या व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांमुळं पोलादात कार्बाइडचे पट्टे तयार होतात आणि तीच ती नक्षी. तसं धातुक मिळेनासं झालं तेव्हा विद्याही हरवली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मुठीच्या बाबतीतही भारताचा धागा आहे. शेफील्डच्या कारखान्यांपासून रँडलपर्यंत साऱ्यांची आवडती मूठ म्हणजे भारतातल्या सांबराचं शिंग. ते आतून भरीव असतं, वरून खडबडीत आणि ओल्या हातातूनही निसटत नाही. सांबर दर वर्षी शिंगं टाकतं. अशी गळालेली शिंगं दशकानुदशकं परदेशी जात होती. त्या आडून शिकार होते, हे लक्षात आल्यावर भारतानं १९९०च्या दशकाच्या अखेरीस निर्यात बंद केली. तेव्हापासून जुन्या साठ्यातल्या सांबरशिंगाची मूठ असलेल्या सुरीला संग्राहक वेगळा भाव देतात. हस्तिदंतावरही आता कडक निर्बंध आहेत. नवे कारागीर लाकडात निर्वात पोकळीच्या साहाय्यानं राळ मुरवतात, किंवा कापडाचे थर राळेत दाबून केलेला मायकार्टा वापरतात. तो पाण्यानं फुगत नाही आणि थंडीत तडकतही नाही.

संग्राहकांच्या दृष्टीनं वर्षातला मोठा सण म्हणजे जूनमध्ये अटलांटात भरणारा ‘ब्लेड शो’. तिथं नामवंतांच्या टेबलापुढं दार उघडताच गर्दी होते. काही जण तर येणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून सुरी कुणाला विकायची ते ठरवतात. रँडलच्या कार्यशाळेत आजही ऑर्डर दिल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. २०१० मध्ये निधन झालेल्या लव्हलेसच्या सुऱ्या हजारो डॉलरना जातात. जपानमध्येही त्याचे निस्सीम चाहते आहेत.

जिथं नावाला पैसा मिळतो, तिथं नावाची नक्कल होतेच. स्केगेल आणि लव्हलेस या दोघांच्याही बनावट सुऱ्या बाजारात फिरत असतात. शिक्का हुबेहूब उठवता येतो, म्हणून जाणकार शिक्क्यावर थांबत नाहीत. पात्याचे उतार जिथं मुठीपाशी संपतात त्या रेषा, पातं आणि मूठ यांमधल्या आडपट्टीच्या सांध्यात दिसणारी फट, शिवणीतले टाके आणि म्यानावरची घासणूक पात्यावरच्या झिजेशी जुळते का, हे सारं ते भिंग लावून पाहतात. सुरी कुणाकडून कुणाकडं गेली, याची कागदपत्रं असली तर किंमत वाढते. दुसरी फसगत स्वस्त दमास्कसची. पाकिस्तानातल्या वझीराबादसारख्या शहरातून नक्षीदार सुऱ्या ढिगानं बाहेर पडतात. त्यांत चांगल्याही असतात, पण पुष्कळदा पोलाद कुठलं आणि पाणी कसं पाजलं, याचा पत्ता नसतो. नक्षी डोळ्यांना सुखावते, तरी धार टिकत नाही.

जपणुकीतही एक मेख असते. सुंदर चामडी म्यान सोबत आलं, की नवा संग्राहक सुरी त्यातच ठेवून देतो. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि हवेतली ओल मिळून पात्यावर डाग पाडतात, पितळी आडपट्टीवर हिरवट थर धरतो. कोकणासारख्या दमट हवेत तर हे एका पावसाळ्यात होऊ शकतं. सुरी आणि म्यान वेगवेगळं ठेवायचं आणि पात्यावर मेणाचा किंवा तेलाचा पातळ हात फिरवायचा, हा साधा उपाय.

भारतात हा छंद अजून लहान आहे, पण कच्चा माल आणि हात दोन्ही ओळखीचे आहेत. ट्रकचा जुना पाटा तापवून त्याचे विळे, कोयते करणारे घिसाडी महाराष्ट्राच्या बाजारांत दिसतात. नेपाळातले कामी याच पाट्यातून खुकरी घडवतात. रँडल आणि लव्हलेसच्या पहिल्या सुऱ्याही मोटारीच्या स्प्रिंगच्याच होत्या. गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी घराच्या गच्चीवर किंवा शेडमध्ये छोटी गॅसभट्टी मांडून शिकू लागली आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘फोर्ज्ड इन फायर’ या अमेरिकी मालिकेनंही जगभर अनेकांना या नादाला लावलं. मात्र इथं कायदा माहीत हवा. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गवारीत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. शिवाय पोलिसांचे जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश लागू असताना मोजमाप कितीही असो, सुरी घेऊन रस्त्यावर हिंडता येत नाही.

पहिली हातघडणीची सुरी घेणाऱ्यानं मोठ्या नावामागं धावण्यापेक्षा जिवंत, बोलता कारागीर गाठावा आणि त्याला सरळ विचारावं. पोलाद कुठलं? कठीणपणा मोजला का, आणि किती आला? पाणी स्वतः पाजलं की बाहेरून करून आणलं? गंजरोधक पोलादाला हजार अंशांहून जास्त, काटेकोर राखलेली उष्णता लागते. त्यामुळं अनेक उत्तम कारागीर ते काम खास भट्ट्या असलेल्या व्यावसायिकांकडं देतात आणि तसं सांगतातही. पात्याचा आकार पाण्याच्या झोतानं किंवा संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं कापून घेतला, तर त्या सुरीला हातघडणीची म्हणावं का, यावर कारागिरांत आणि संग्राहकांत अजून एकमत नाही. काहींच्या मते पात्यापासून म्यानापर्यंत सारं एकाच माणसाच्या हातचं हवं. काहींना धार, तोल आणि पाणी यांपलीकडं कशाशी देणंघेणं नसतं. अटलांटाच्या प्रदर्शनात दोन्ही मतांचे लोक शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात आणि गिऱ्हाइकं दोघांकडंही जातात.